बळदातलं बियाणं

माझा मामा कडूबा हा कन्नडपासून चार कोसांवरच्या एका खेड्यातला शेतकरी. त्यानं आयुष्यात कसलाही पराक्रम केला नाही. निवडणूक लढवली नाही, कीर्तन केलं नाही, बाजारात कुणाची गचांडी धरली नाही. त्याच्यावर लिहायचं कारण एवढंच, की त्यानं एक गोष्ट जिवापाड जपली आणि ती माझ्यामुळं नासली. हा दोष दुसऱ्या कुणावर ढकलता येईल का, हे मी पन्नास वर्षं तपासून पाहिलं. येत नाही.

ती गोष्ट म्हणजे बन्सी गव्हाचं बियाणं. लांबट, पिवळसर, टणक दाणा. पणज्यापासून घरात चालत आलेला. अठ्ठेचाळीस साली, निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी घरचे सगळे रानात लपले, तेव्हा भांडीकुंडी मागं राहिली, पण बियाण्याचं गाठोडं सोबत होतं म्हणे. ते ठेवायची जागा बळद. बळद म्हणजे घरातच दोन भिंतींच्या मध्ये बांधलेली धान्याची अरुंद खोली, तिला दार नाही, वरून एक तोंड तेवढं. राख आणि कडुलिंबाचा पाला घालून मामा गहू आत ओतायचा, तोंडावर फरशी ठेवायचा आणि शेणमातीनं लिंपून टाकायचा. एकदा लिंपलं की पेरणीच्या दिवसापर्यंत उकलायचं नाही, हा घरचा नेम. लग्नकार्य निघो की पाहुणे येवोत, त्यातली मूठ निघायची नाही.

मी शहरात शिकलेला भाचा, त्यामुळं शहाणपण उतू चाललेलं. "मामा, लोक तिजोरीसुद्धा अधूनमधून उघडतात," मी म्हणायचो.

"तिजोरीतलं उगवत नाय," मामा म्हणायचा. विषय संपला.

बहात्तरच्या दुष्काळात गावानं आपापलं बियाणं दळून खाल्लं. मी त्यांना नावं ठेवणार नाही; लेकरं रडायला लागली की नेम कुठवर पाळायचे? मामा आणि मामी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मिळायची, तिच्या भाकरी खाल्ल्या. दावणीचे बैल गेले. त्या उन्हाळ्यात भागूमामी तापानं गेली. तिच्या दहाव्याला मी गेलो होतो. बळदाचं लिंपण जसंच्या तसं होतं.

त्र्याहत्तरच्या पावसाळ्यात मात्र पाऊस झाला. विहीर भरली. आजूबाजूच्या पाच गावांत बन्सी फक्त मामाकडं उरला होता. गावातले आठ-दहा जण ओट्यावर येऊन बसले. फकिरा जाधव, वयानं मामापेक्षा मोठा, खाली मान घालून म्हणाला, "आम्ही आमचं खाऊन बसलो, कडूबा. आता तू देशील तं गावात बन्सी दिसंल."

"समद्याला देतो," मामा म्हणाला. "दिवाळी होऊ द्या." पेरणीपुरती सिल्लोडच्या पाहुण्यांची बैलजोडी येणार होती. मी मामाला इतकं खूश फार क्वचित पाहिलं होतं. मामी गेल्यापासून तर नाहीच.

दिवाळीला मी औरंगाबादहून गेलो. मी तेव्हा उस्मानपुऱ्यात खोली घेऊन राहायचो, एका कचेरीत कारकून होतो आणि वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचो. तेच नडलं. अरबांच्या मुलखात लढाई पेटली होती, तिकडून तेल येणं आटणार होतं. मी ओट्यावर बसून जगाचा नकाशाच उलगडला. डिझेल मिळणार नाही, विहिरींवरची इंजिनं बंद पडतील, गहू उभ्या उभ्या वाळेल, आणि या खेपेला अमेरिका धान्य देईलच असं नाही.

मामानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पयले मोट व्हती. बैल पाणी वढायचे, बैलाला कडबा आपल्याच रानातला. तवा कुठं लढाई झाली तरी आपल्या पाटाला कळत नव्हतं. आता दाणा त्यांचा, तेल त्यांचं. आपलं काय ऱ्हायलं रे, बद्री?"

"बियाणं," मी म्हणालो.

"व्हय. तेवढंच."

दुसऱ्याच दिवशी मी कन्नडला चांदपाशाकडं गेलो. चांदपाशा इंजिनं दुरुस्त करायचा, अख्ख्या तालुक्याची इंजिनं त्याच्या हाताखालून गेलेली. त्यानं माझ्यासाठी दोन डबे डिझेल काढलं. पत्र्याचे, जुने, गोडेतेलाचे डबे. एकाच्या सांध्यावर त्यानं गळू नये म्हणून साबणाची वडी घासली होती. "ये डबा कच्चा है, बद्रीभाऊ," तो म्हणाला. "साबण लावलाय, पण चार-आठ दिवसच धरेल. आधी हाच वापरा."

गावात पोचलो तर वावडी उठलेली, की डिझेल दडवणाऱ्यांच्या घरांची झडती होतेय. खरंखोटं देव जाणे. पण डबे ठेवायचे कुठं? गोठ्यात ठेवले तर पहिल्यांदा तिथंच बघणार. आणि मला सुचलं. कडूबाच्या बळदात हात घालायची कुणाची छाती होती?

मामाला सांगितलं, तर तो चक्क उठून उभा राहिला. "बियाण्यात तेल? येडा झाला का काय तू?"

"डबे बंद आहेत. गव्हात पुरून ठेवू. पाणी नसेल तर हे बियाणं पेरून काय उपयोग? गाव तुझ्या भरवशावर बसलंय."

गावाचं नाव काढलं आणि मामा नमला. त्यानं अंघोळ केली, पायताण काढलं, लिंपण उकललं, हात जोडले. आम्ही दोन्ही डबे गव्हात गळ्यापर्यंत दाबले, वरून दाणे सारले. त्यानं पुन्हा लिंपलं. साबणाच्या डब्याचं मी त्याला सांगितलं नाही. विसरलो, असं मी घरात सगळ्यांना सांगत आलो. विसरलो नव्हतो. सांगितलं असतं तर त्यानं डबे उंबऱ्याच्या आत येऊ दिले नसते, आणि मला माझी अक्कल खरी करून दाखवायची होती.

दिवाळीनंतर अठरा दिवसांनी पेरणी निघाली. मी मुद्दाम रजा काढून गेलो. पाहुण्यांची बैलजोडी दारात उभी, फकिरा जाधव आणि बाकीचे पोती घेऊन आलेले. मामानं नारळ फोडला आणि फरशी सरकवली.

वास आधी आला. मामानं आत हात घातला, खांद्यापर्यंत घातला, आणि मूठ बाहेर काढली. दाणे तेलानं चमकत होते. तो आत उतरला, तळापर्यंत उकरत गेला. तळाचा गहूसुद्धा तसाच. एक डबा रिकामा झाला होता. दुसरा टिच्चून भरलेला.

मामानं हार मानली नाही. राख चोळली, रिठ्याच्या पाण्यानं दाणे धुतले, अंगणात वाळवले. मग बळदाच्या निरनिराळ्या थरांतले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले. रोज सकाळी त्यावर पाणी शिंपडायचा. तिसऱ्या दिवशी मोड दिसायला हवेत. दिसले नाहीत. त्या दिवसांत लोक दारावरून जाताना विचारायचे, "आलं का काही?" आणि मामा नुसती मान हलवायचा. मला कुणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

सहाव्या दिवशी त्यानं गोणपाट उलगडलं. शंभरच्या शंभर दाणे काळे, बुळबुळीत. एकालाही मोड नाही.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "मामा, तालुक्याला सरकारी बियाणं मिळतंय. नवा बुटका गहू. उतारा दुप्पट. आणि एक डबा डिझेल शाबूत आहे, पाण्याची काळजी नाही."

"आण," मामा म्हणाला. "गावाला पेराय पायजे." आवाजात राग नव्हता. त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही. गोणपाटावरचा एक दाणा चिमटीत धरून तो बसून राहिला. मग म्हणाला, "भागूला ताप व्हता ना, तवा तिला मिलोची भाकर जाईना. म्हनली, आपल्या गव्हाची एक पोळी करून द्या. एकच. लई येळा म्हनली."

मला हे माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं.

"म्या म्हनलं, बियाण्याचं हाय. पेरल्यावर खाशील." त्यानं दाणा खाली ठेवला. "बद्री, एका पोळीला किती गहू लागतो रे?"

तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला, खरंच माहीत नसल्यासारखा.