तंबूचं नाक

माझी ताई गेली सव्वीस वर्षं तंबू शिवते. शिवते, दुरुस्त करते, भाड्याने देते आणि नेणाऱ्याला वर चार शब्द सुनावते. ते चार शब्द फुकट असतात. सगळे तिला तंबूताई म्हणतात. मी तिचा धाकटा भाऊ. गल्ल्यावर बसतो, गाडी चालवतो, गिऱ्हाइकाशी गोड बोलतो. मला कोणी काही म्हणत नाही.

थंडी पडली की हौशी मंडळी दुकानात येतात आणि पहिल्याच वाक्याला ताईच्या तावडीत सापडतात. "वर काय पांघरणार ते नका सांगू, खाली काय अंथरणार ते बोला. थंडी जमिनीतून चढते." मग जाड चटया निघतात, एक नाही, दोन. "दिवसभराचे मोजे घालून झोपायचं नाही, ते घामाने ओले असतात. उपाशी झोपायचं नाही. गरम पाण्याची पिशवी पायाशी घ्या. आणि शेगडी तंबूच्या बाहेर. कुडकुडलात तरी बाहेर." हे शेवटचं वाक्य ती गिऱ्हाइकाकडून वदवून घेते. मोठमोठे साहेब तिच्यासमोर उभे राहून "शेगडी बाहेर" म्हणताना मी पाहिले आहेत.

तंबूला हवेसाठी दोन जाळीदार झरोके असतात, एक माथ्याशी आणि एक मागच्या बाजूला खाली. ताई त्यांना नाक म्हणते. "तोंड मिटा, नाक मिटू नका," असं ती सांगते. दुकानातून बाहेर पडणारा प्रत्येक तंबू, नवा असो की ठिगळ लावलेला, ती आधी मागच्या अंगणात उभारते, आत शिरते, चेन लावते आणि शंभर मोजेपर्यंत आत बसते. हातात दोऱ्याचा एक तुकडा धरलेला असतो. तो नाकासमोर धरायचा. दोरा हलला की तंबू पास. बाहेर गिऱ्हाईक ताटकळलेलं असायचं आणि मी ओरडायचो, "ताई, तपश्चर्या आटपली का?" ती कितीवरही असो, आतून ठरलेलं उत्तर यायचं, "सत्तावन्न."

एका सकाळी पोस्टमन आमच्याकडे आला तो तिच्याच चार शब्दांसाठी, असं तो म्हणाला. दहा वर्षं आमची पत्रं आणून देणारा माणूस, कधी रजा घेतलेली माहीत नाही. आता दोन मुली मागे लागल्या होत्या, तळ्याकाठी तंबूत राहायचं म्हणून. कुणाकडून तरी जुना तंबू मिळाला होता. आमच्या शिलाईचा नव्हे, कुठला तरी परका. माळ्यावर पडून होता, उंदरांनी दोन्ही झरोक्यांच्या जाळ्या पार कुरतडून नेलेल्या. कापड तेवढं धड होतं.

आमच्याकडे खडूच्या खुणांचा एक रिवाज आहे. गिऱ्हाइकाचं काय काम आहे ते मी विचारतो आणि कापडावर खूण करतो. गोल म्हणजे ठिगळ, फुली म्हणजे जाळी बदल. ताई मशीनवरून उठत नाही, खूण बघते आणि काम करते. पोस्टमनने बोट दाखवलं, मी जाळीचे दोन तुकडे कापून टेबलावर ठेवले, आणि बोलता बोलता त्या दोन भोकांभोवती खडूने गोल काढले. भोक दिसलं की हात गोलच काढतो, वीस वर्षांची सवय. बोलत काय होतो तेही सांगतो. पोस्टमन विचारत होता, "मुली फारच गारठल्या तर गॅसची शेगडी घटकाभर आत पेटवली तर?" ताईचं मशीन धडधडत होतं, तिला ऐकू आलं नाही. मी हसून म्हणालो, "झरोके उघडे असले म्हणजे झालं. ताईला मात्र सांगू नका."

अकराच्या सुमाराला तंबू तयार झाला. दारात पोस्टमनची गाडी उभी, मुली हॉर्न वाजवतायत, त्याची बायको आतून त्यांना दटावतेय. ताईचा गुडघा त्या आठवड्यात सुजला होता. ती तंबू उचलून अंगणाकडे निघाली तेव्हा मी म्हणालो, "ताई, राहू दे आज ते शंभर. दोन ठिगळं तर आहेत." ती थांबली. गुडघ्यावरून हात फिरवला आणि तंबू त्याच्या हवाली केला. पोस्टमन "शेगडी बाहेर" म्हणाला, मला डोळा मारला आणि गेला.

तीन वाजता मी टेबल आवरत होतो. जाळीचे ते दोन चौकोनी तुकडे कात्रीखाली तसेच पडलेले.

"ह्या जाळ्या कुणाच्या?" ताईने विचारलं.

"पोस्टमनच्या," मी म्हणालो.

"पोस्टमनला तर ठिगळं होती. गोल होते दोन."

काढायच्या होत्या फुल्या. परक्या तंबूचं कापड टेबलावर पसरलेलं, जाळीचा मागमूस नाही. तिला ती साधी भोकं वाटली होती. तिने ती दुहेरी शिवली होती, वरून गोंद फिरवला होता. तिच्या ठिगळातून पाणी जात नाही आणि वाराही जात नाही.

"फोन लाव," ती म्हणाली.

लावला. लागेना. तळ्याकाठी रेंज नसते हे आम्हीच गिऱ्हाइकांना सांगतो. दुकानाला कुलूप न लावताच आम्ही निघालो.

तळं दीड तासावर. रस्ता चढाचा, वळणावळणाचा, कडेच्या गवतावरचं ऊन कलायला लागलं होतं. ताई शेजारी बसली होती, मांडीवर कापड कापायची मोठी कात्री. ती कात्री तिने का घेतली होती ते मी विचारलं नाही. ती एकदाच बोलली. "त्याने मला शब्द दिलाय. शेगडी आत नेणार नाही तो." त्याने तिला शब्द दिला होता आणि मी त्याला मुभा दिली होती. हे सांगायला दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा नुसता गाडीचा गिअर बदलला. मी भित्रा आहे, दुसरं काय.

मग एक मालवाहू गाडी आडवी आली. तिच्यामागून रांगत गेलो. सूर्य डोंगरामागे गेला तसा गारवा एकदम वाढला, काच आतून धुरकट झाली. "आता लोक आत जातील," ताई म्हणाली. तेव्हा मात्र मला राहवलं नाही.

"ताई, तो शेगडी आत नेईल. झरोके उघडे असतील तर चालेल, असं मीच सांगितलंय त्याला."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. "जोरात चालव," एवढंच म्हणाली.

तळ्याकाठी सात-आठ तंबू होते. बहुतेक जण बाहेर शेकोटीभोवती बसलेले, हसण्याचे आवाज येत होते. पोस्टमनची गाडी टोकाला, झाडांच्या आडोशाला. तिच्यामागे तंबू. चेन गळ्यापर्यंत लावलेली, आत बॅटरीचा पिवळसर उजेड. दोन मुली असलेल्या तंबूतून काही आवाज येत नव्हता.

ताई त्या सुजलेल्या गुडघ्याने धावली. मी तिला धावताना लहानपणानंतर पहिल्यांदाच बघितलं. "पोस्टमन! वहिनी!" तिने हाका मारल्या. मी चेनीला झोंबलो, ती अर्ध्यावर अडकली. ताईने मला खांद्याने बाजूला सारलं, कात्रीचं टोक कापडात घुसवलं आणि तंबू माथ्यापासून जमिनीपर्यंत उभा फाडला. सव्वीस वर्षांत तिने कापड असं कधी फाडलं नव्हतं.

आत उबदार होतं, फार छान उबदार. मधोमध शेगडी निळी जळत होती. मी ती उचलून बाहेर फेकली, हात पोळला ते नंतर कळलं. धाकटी जवळच होती, तिला ताईने काखेत हात घालून ओढलं. मोठीला मी. बाहेर येताच मोठीला उलटी झाली. पोस्टमनची बायको डोळे उघडून "डोकं… डोकं" म्हणत होती, तिला पाय टाकता येईनात. शेकोटीभोवतीची माणसं धावत आली, त्यांनी पोस्टमनला उचललं. धाकटी काही केल्या डोळे उघडेना.

ताई जमिनीवर बसली, मुलीला मांडीवर घेतलं, आपला स्वेटर काढून तिच्याभोवती गुंडाळला, अंग गरम, तोंड उघड्या हवेत. गाल थोपटत राहिली. "बाळा, ऊठ. ऊठ गं. माझं मोजून व्हायच्या आत ऊठ." आणि तिने मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. माझं सगळं आयुष्य त्या आकड्यांवर टांगलं होतं. बत्तीसला मुलगी खोकली. एकेचाळीसला रडायला लागली. इतकं गोड रडणं मी ऐकलेलं नाही.

चौघांना दोन गाड्यांत घालून खालच्या दवाखान्यात नेलं. नाकातोंडावर ऑक्सिजनचे मास्क लावले. "कोंडलेल्या जागेत शेगडी जळली की जो विषारी वायू साचतो, त्याला ना वास असतो ना रंग," डॉक्टर म्हणाले, "अजून अर्धा तास गेला असता तर मी काही करू शकलो नसतो." पोस्टमन शुद्धीवर आला तेव्हा ताईच्या पाया पडायला उठू लागला. तिने त्याला दाबून झोपवलं. "चूक माझी. मी नाक शिवलं," ती म्हणाली. मी शेजारीच उभा होतो. पुढे झालो आणि त्याला सगळं सांगितलं, गोल काढल्याचं, आणि "ताईला सांगू नका"चंही. तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने मान भिंतीकडे वळवली. त्याचं चुकलं नाही.

रात्री आम्ही परतलो. दुकान सताड उघडंच होतं, कुणी काही नेलं नव्हतं. तिने दिवा लावला, टेबलावरचा खडू उचलला आणि माझ्यासमोर धरला. मला वाटलं, आता जा म्हणणार.

"खुणा यापुढे मी करणार," ती म्हणाली. "आणि माझा गुडघा गेला. आत बसायचं ते तू."

तेव्हापासून प्रत्येक तंबूत मी बसतो. चेन लावून, हातात दोरा धरून. बाहेर गिऱ्हाईक घड्याळ बघतं, कुणी हसतंही. मी एकेचाळीसला पोचलो की ते रडणं कानात येतं आणि पुढचे आकडे जड जातात. बाहेरून ताई विचारते, "कितीवर आहेस?"

मी खरा आकडा सांगतो.