दाजींच्या नावाची मूठ

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावच्या बाजारात भरताची वांगी निवडत होते. फोनवर भाचा मनोज होता. म्हणाला, "मावशी, पप्पा गेले. दुकानात, बसल्या जागी." हातातलं वांगं मी परत ढिगात ठेवलं आणि मिळेल ती एसटी पकडून धुळ्याला गेले. अंगणात बरीच मंडळी जमली होती. त्यातल्या निम्म्यांचे चेहरे दुःखी कमी आणि गोंधळलेले जास्त दिसत होते. कारण माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा नवरा दारूपायी जाणार, हे त्या गल्लीने फार पूर्वीच ठरवून ठेवलं होतं. एक दूरचे काका तर गंभीर होऊन, "शेवटी व्यसन माणसाला..." इथवर आलेही. तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं की, या माणसाने कित्येक वर्षांत थेंबाला हात लावला नव्हता आणि हृदय थांबलं तेव्हा त्याच्या हातात चहाचा कप होता. काकांनी उरलेलं वाक्य गिळलं. मी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, मेहुणी रडतेय. मी का पदर लावला, ते दाजींना बरोबर कळलं असतं.

वसंतदाजींचं पाण्याच्या मोटारी रिवाइंडिंग करण्याचं दुकान होतं. तांब्याची तार अशी गुंडाळायचे की बघत राहावं. आमचं माहेर धरणगावचं. लग्नात नवरदेव बघून आमच्या मावश्या अक्काचा हेवा करत होत्या, इतका देखणा माणूस. पुढे कधीतरी सकाळी हात थरथरायला लागले. तार नीट बसावी म्हणून सकाळीच थोडी घ्यायची आणि ती घेतली म्हणून संध्याकाळी पुन्हा घ्यायची, असं चक्र सुरू झालं. पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाला प्यालेले दाजी म्हणजे फुकटची नाटक कंपनी. राजा तेच, विदूषक तेच आणि पडदा ओढणारेही तेच. पण मी पाहुणी होते, प्रयोग संपला की घरी जाणारी. अक्का आणि मनोज त्याच नाट्यगृहात राहत होते. दाजींच्या स्कूटरचं स्टँड पहिल्या झटक्यात लागलं तर संध्याकाळ बरी जाणार. दोन-तीनदा खडखडलं, की मनोज पुस्तक मिटून गच्चीवर जायचा आणि अक्का रेडिओचा आवाज वाढवायची, म्हणजे शेजारी कमी ऐकू जावं. शेजारच्या बायका नंतर नंतर त्या गाण्यांवरूनच ओळखायच्या. त्या घरी कुणाला जेवायला बोलावलं जात नसे. दुसऱ्यांच्या लग्नाला अक्का एकटी जायची आणि 'यांचं अंग दुखतंय' असं सांगायची. दाजींचं अंग सबंध लग्नसराई दुखायचं.

मग मनोजच्या शाळेचं स्नेहसंमेलन आलं. दाजी न बोलावता गेले, मंचावर चढले, मुख्याध्यापकांच्या हातून माईक घेतला आणि पालकांच्या वतीने आभार मानू लागले. आभार संपेनात. सभागृह पोट धरून हसत होतं. मनोज मागच्या दाराने निघून गेला. त्या दिवसापासून तो वडिलांशी बोलेनासा झाला. त्याच घरात, शेजारच्याच ताटावर बसून... एक शब्द नाही. मला मात्र फोन करून म्हणाला, "मावशी, मी जळगावला तुझ्याकडे शिकायला येऊ?" अक्काला ते कळलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "पोरगा जाईल नाहीतर दारू जाईल. या घरात दोन्ही मावणार नाहीत." माझी अक्का चिडली किंवा फार खूश झाली की अहिराणीत बोलते. एरवी तुमच्याआमच्यासारखी. ती शुद्ध मराठीत बोलली, तेव्हा मला जरा भीतीच वाटली.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई बसते. नारळाची देवी, तिला साडी, दागिने आणि भाऊबंदांनी मिळून खायचे रोट. या रोटांचे गहू काढायची रीत आहे. घरातल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. म्हातारा असो की पाळण्यातला, ज्याचा श्वास चालू त्याची मूठ. बंद होते ती फक्त मेलेल्याची. त्या वर्षी मीही तिथे होते. अक्का नावं घेत होती. सासऱ्यांचं झालं, थोरल्या दिरांचं झालं, पुतण्यांचं झालं, मनोजचं झालं. आणि तिने सुपावर फडकं टाकलं.

थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "वसंता राही गया ना वं!"

"राही नही गया. मीच सोडी दिन्हा."

दाजी दारातच होते. भर दुपारी जरा तरंगत होते, पण कान शाबूत होते. आत आले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "मना नावनी मूठ काबर नही लिधी? मी मरी गऊ का?"

"मोजाले मानूस घरमा पाह्यजे."

"कानबाई कोपई!"

"कोपू द्या. तिले मी दखी लिसू."

एरवी हसायला तयारच असणारी मेहुणी मी, पण माझ्याच्याने हसवेना. दाजी तडक बारमध्ये गेले आणि तिथे गाऱ्हाणं मांडलं की बायकोने मला मुठीतून काढलं. त्यांना वाटलं, मित्र पाठीवर हात टाकतील. पण ते मित्रही खानदेशीच. सगळ्यांनी ग्लास टेबलावर ठेवले. ज्याची मूठ बंद झाली त्याच्या बाजूला बसून प्यावं की नाही, यावर तिथे गंभीर चर्चा झाली म्हणे आणि एकाने खुर्ची हळूच सरकवून घेतली. हे मला पुढे दाजींनीच अभिनयासकट सांगितलं, खुर्चीच्या आवाजासह.

म्हणून ते दुसऱ्या दिवशी सुधारले का? छे. आठवडाभर जास्त प्यायले. मग जळगावला व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाले. मी डबा घेऊन जायचे आणि ते डॉक्टरांपासून वॉर्डबॉयपर्यंत सगळ्यांच्या नकला करून दाखवायचे. बरे होऊन गेले आणि दिवाळीच्या आतच पुन्हा प्यायला लागले. पुढच्या श्रावणातही मूठ नाही. मनोज माझ्याकडे शिकायला आलाच नव्हता. अक्काने वडिलांची मूठ बंद केलेली बघून थांबला होता. दुसऱ्या खेपेला वडिलांना केंद्रात सोडायला तोच आला. बसमध्ये शेजारी बसून, धुळ्यापासून जळगावपर्यंत गप्प. उतरताना म्हणाला, "पप्पा, बॅग मी घेतो." दाजींनी या वाक्याची नक्कल मात्र कधीच केली नाही.

अखेर दारू सुटली आणि एका श्रावणात अक्काने मनोजच्या नावानंतर दाजींचं नाव घेतलं. मूठ टाकली आणि फडकं ओढलं. दारात ताटकळलेले दाजी ओरडले, "हाई ते एकच मूठ शे! सव्वा पाह्यजे!"

"पाव पुढला सालले दिसू."

बायका खो खो हसल्या. पुढच्या साली तेच उत्तर आलं आणि त्याच्या पुढच्या सालीही. दाजी दर श्रावणात रीतसर भांडायचे आणि हरायचे. मनोजला मुलगा झाला तेव्हा त्या तान्ह्याला पहिल्याच वर्षी सव्वा मूठ मिळाली. आजोबा पाळण्याकडे बघून म्हणाले, "याची वट बघा!" त्यांना स्वतःला ती पाव मूठ शेवटपर्यंत मिळाली नाही.

परवा पुन्हा धुळ्याला गेले होते. दुकानं बंद व्हायची वेळ झाली तशी अक्का पोळ्या टाकता टाकता उठली, हात पुसत दारापर्यंत गेली, क्षणभर उभी राहिली आणि परत येऊन तव्यावरची पोळी उलटली. पोळी करपली होती. मी विचारलं, तेव्हा म्हणाली, दारू सोडल्यापासून दाजी रोज संध्याकाळी उंबऱ्याबाहेर उभे राहायचे आणि ही समोर आली की तोंड उघडून 'हाऽऽ' करायचे. हिने वास घ्यायचा, 'या' म्हणायचं, मगच त्यांनी चपला काढायच्या. मध्ये तिने एकदा सांगून पाहिलं होतं की आता पुरे, सरळ आत या. तर हा माणूस बाहेर तसाच उभा. गल्लीतली पोरं जमली तरी हलेना.

"मग शेवटपर्यंत वास घेत होतीस?" मी जरा खोडसाळपणे विचारलं.

अक्काने करपलेली पोळी आपल्या ताटात घेतली.

"ते गेले त्याच्या आदल्या दिवशी मला सर्दी होती गं. नाक पार बंद. वास कसला, काहीच कळत नव्हतं." तिने पोळीचा करपलेला पापुद्रा नखाने काढला. "त्यांना सांगितलं नाही. म्हटलं, या..."