वाकायची परवानगी

“स्क्रू जागेवर आहेत, माणूस जागेवर आला का?” एक्स-रे उजेडात धरून डॉ. रघुनाथरावांनी हे मला विचारले, तो कुंभकोणमच्या रुग्णालयातला माझा पहिला दिवस. मी नाशिकहून आलेली फिजिओथेरपिस्ट.

आज त्यांच्या षष्ट्यब्दीच्या गौरवअंकासाठी लिहिताना मन त्यांच्याच कंबरेपाशी अडकते. ती दुखते आणि त्यांचा डावा पाय बधिर होतो. हे छापल्याबद्दल ते रागावतील.

लहान छेदांतून कंबरेचे मणके जोडण्यात त्यांचा हात नावाजलेला आहे. स्नायू कमी दुखावतात, रुग्ण लवकर चालू लागतो. पण त्यापुढे त्याचे काय होते, याचे त्यांच्याइतके कुतूहल मी कुणात पाहिले नाही.

जवळच्या स्वामीमलैचे धातूच्या मूर्ती घडवणारे मुरुगेसन यांची शस्त्रक्रियेनंतर हाडे छान जुळली होती, दुखणे थांबले होते. तरी ते कामावर जात नव्हते. डॉक्टर मला घेऊन बसने त्यांच्या घरी गेले. मुरुगेसन उंच खुर्चीत ताठ बसले होते.

“मूर्तीचा मेणाचा नमुना घडवायला खाली का बसत नाही?”

“तुम्हीच म्हणालात ना सार, वाकू नका!”

“अहो, ते सुरुवातीला!”

“सुरुवात कधी संपली, ते कुठे सांगितलंत?” मुरुगेसन यांची बायको म्हणाली. “देवळातही हे खांबासारखे उभे. मुरुगन देवाला वाटत असेल, भक्त रुसलाय!”

डॉक्टर आधी खळखळून हसले. “चूक माझी,” म्हणाले आणि जमिनीवर मांडी घालून बसले. “या, समोर बसा.” माझा हात धरून मुरुगेसन हळूहळू खाली टेकले आणि रडू लागले. तेव्हापासून रुग्णाला घरी सोडताना केव्हा वाकायचे, हेही डॉक्टर स्वतः सांगतात.

माझी आई आजारी असताना ते संध्याकाळी येत, ते तिच्याशी गप्पा मारायला. त्यांच्या घराण्यात तंजावरची जुन्या वळणाची मराठी टिकून आहे. “हे तर माझ्या पणजीसारखं बोलतात गं!” म्हणत आई दुखणे विसरे.

इतरांच्या पाठीमागे गावोगाव जाणाऱ्या माणसाला स्वतःच्या पाठीविषयी उत्सुकता का नसावी? विचारले की म्हणतात, “बाई, बहुतेक कंबरा व्यायामानेच बऱ्या होतात.” खरे आहे, पण आधी तपासल्यावर.

डॉक्टरांना उदंड आयुष्य लाभो. ते आयुष्य निरोगीही असावे, म्हणून नाहीच म्हणणार हे ठाऊक असूनही विचारते: डॉक्टर, सोमवारी राउंडच्या आधी माझ्या टेबलावर पालथे पडाल का?