त्या खानावळीत भात होता

मागच्या महिन्यात अमरावतीला एका सत्काराच्या कार्यक्रमात वक्त्याने तो किस्सा पुन्हा सांगितला. वऱ्हाडातले शेतकरी कोकणातल्या एका जुन्या बंदराच्या गावी गेले, तिथल्या खानावळवालीने त्यांना अर्धपोटी उठवलं आणि वर ऐकवलं, ‘तुमच्याकडे तरी काय खायला मिळतं?’ सभागृह हळहळलं. मी मागच्या रांगेतून उठून ओरडलो, ‘‘खोटं आहे हे! ती असं काही बोलली नाही.’’ वक्ता हसला. शेजारच्याने सदरा ओढून मला खाली बसवलं. ‘‘बसा बाप्पा, बीपी वाढन.’’

बीपी वाढू दे. तो किस्सा माझा आहे. पहिल्यांदा तो मी छापून आणला.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची ती वर्षं आठवा. वऱ्हाडातल्या कोणत्याही गावात गाडी थांबली की कॅमेरा उतरायचा. घरात काय शिजलं, कोण रडलं, सगळं टिपून घ्यायचे. पुढारी यायचे, साड्या आणि शिधा वाटायचे, फोटो काढून जायचे. ज्याच्या घरी काही घडलं नव्हतं तोही बिचारा ठरला होता. मी तेव्हा कृषी खात्यात होतो, अकोल्याला, जठारपेठेत राहायचो. वरून हुकूम आला की शेतकऱ्यांना कोकणात नेऊन काजूच्या बागा दाखवा. काळ्या जमिनीत कापूस आणि तूर पेरणाऱ्याने काजू पाहून काय करायचं, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. माझ्याकडे जेवणाची व्यवस्था होती.

गाव सुंदर होतं. समुद्रात किल्ला, जुनी पेठ, उतरत्या कौलांची घरं. हॉटेलं बहुतेक मासळीची आणि आमच्यात माळकरी बरेच. चौकशी केल्यावर एकाने बंदराच्या रस्त्यामागची, सांगितलं तर बिनमासळीचंही करून देणारी एक खानावळ दाखवली. घराच्याच पडवीत बाकं मांडलेली. बाई एकटीच चालवायची. ‘‘तासभर बसा, ताजं करते,’’ म्हणाली आणि खरंच ताजं केलं. तांदळाच्या भाकऱ्या, ओलं खोबरं घातलेली उसळ, वरण, भात, सोलकढी.

आता आपली पंगत आठवा. वाढणारा आला की आपण ताटावर हात आडवा धरतो. तो आग्रह करतो, आपण मान हलवतो, तो पुन्हा आग्रह करतो, मग हात हळूच बाजूला होतो. पहिल्याच वेळी ‘हो’ म्हणणारा हावरा. एकदाच विचारून पुढे जाणारा यजमान कंजूष. लहानपणापासून अंगात मुरलेलं.

बाई भात घेऊन आली. ‘‘भात वाढू?’’ ओळीने सगळ्यांनी हात आडवे केले. माझाही होता.

‘‘बरं,’’ म्हणाली आणि आत गेली.

‘‘काऊन गा, गेली ना ते!’’ माझ्या शेजारचा म्हातारा कुजबुजला.

‘‘येईन, येईन. आता भाजी घेऊन येईन ते,’’ पलीकडचा म्हणाला.

ती भाजी घेऊन आली. पुन्हा हात आडवे. पुन्हा ‘‘बरं.’’ तिच्याकडे नको म्हणजे नको.

आमच्यात एक चाचा होते, अचलपूरकडचे संत्रेवाले. त्यांनी स्वतःपुरतं मासळीचं कालवण करून घेतलं होतं. ते मोठ्याने म्हणाले, ‘‘बाई, और चावल लाना!’’ तिने ताट भरून वाढलं. सगळ्यांनी ते पाहिलं.

‘‘मांगा ना तुमी बी,’’ चाचा म्हणाले.

‘‘मांगून खायाले भिकारी हाओत का आमी?’’ म्हातारा त्यांच्यावर उसळला.

तो का उसळला ते मला कळत होतं. वर्षभर लोक त्याला न मागता देत होते आणि देताना फोटो काढत होते. एका शब्दाने मी ते सावरू शकलो असतो. दौऱ्याचा साहेब मी. ‘बाई, आमच्याकडे तीनदा विचारावं लागतं,’ एवढंच म्हणायचं होतं. पण साहेबाने भात मागायचा कसा? भुकेल्या माणसांना घेऊन मी उठलो.

हात धुवायला मागे गेलो. चुलीजवळ भाताचा मोठा टोप होता, आपल्याकडे गंज म्हणतात तसा. काठोकाठ भरलेला. बाई त्याच्याकडे बघत उभी होती.

‘‘जेवण आवडलं नाही का हो त्यांना? कोणी काही घेतलंच नाही.’’

‘‘छे छे, छान होतं,’’ मी म्हणालो.

स्टँडवर सगळ्यांनी केळी घेतली. गाडीत शिव्या सुरू झाल्या आणि अकोला येईपर्यंत बाई डायन झाली होती. मी तेव्हा एका स्थानिक दैनिकात अधूनमधून लिहायचो. प्रवासवर्णन पाठवलं, त्यात कुठे जेवावं आणि कुठे जेवू नये हेही. टोप वगळला, चाचांचं ताट वगळलं. त्यांनी मथळा दिला: ‘वऱ्हाडचा शेतकरी कोकणात उपाशी उठला.’ मग काय! भाषणं झाली, त्यांत ती न बोललेलं वाक्यही तिच्या तोंडी आलं. दौऱ्यांच्या गाड्या त्या खानावळीसमोरून न थांबता जाऊ लागल्या. पुढाऱ्यांना फुकटचा राग मिळाला, ज्याचं उत्तर त्यांना द्यावं लागत नव्हतं. कापसाच्या भावावर बोलण्यापेक्षा एका बाईच्या भातावर बोलणं सोपं.

चाचा मुद्दाम जठारपेठेत माझ्या घरी आले.

‘‘साहेब, हे काय लिहून राहिले तुमी? गंज भरला होता ना.’’

‘‘चाचा, लोकांच्या भावना आहेत.’’

‘‘भावना तं हाय. पन भात बी होता.’’

चहा न घेता गेले.

निवृत्त झाल्यावर मी एकटा तिथे गेलो. बाई तीच, केस पांढरे, पडवीत बाक एकच. मी बसलो आणि तिने न विचारता भाताचा डोंगर ताटात घातला. माझा हात आडवा व्हायच्या आत.

‘‘अहो, विचारायचं तरी,’’ मी म्हणालो.

‘‘विचारत नाही आता. एकदा विचारलं तर पेपरात नाव आलं. काय चुकलं ते अजून कळलं नाही मला. तुम्ही कुठले?’’

‘‘पुण्याचा,’’ मी म्हणालो, आणि तो सगळा भात संपवला.

त्या पहिल्या दिवशीच तिला खरं कारण सांगितलं असतं तर सत्काराच्या सभेत ओरडायची वेळ आली नसती. ओरडून उपयोगही झाला नाही. लोकांना रडका शेतकरी हवा आणि त्याला रडवणारी बाई हवी. त्या म्हाताऱ्याचा ताठा कोणालाच नको, तो कोणत्या भाषणात बसत नाही.

हे छापून आलं की अंक घेऊन मी तिच्याकडे जाणार आहे आणि मी अकोल्याचा असं सांगणार आहे. तुम्ही त्या बाजूला गेलात तर मोठ्या हॉटेलांत जाऊ नका. धक्क्याकडे तोंड केलं की उजव्या हाताची बोळ, शेवटचं कौलारू घर. सोलकढी दोनदा घ्या. तिने पुन्हा कधी विचारायला सुरुवात केली, तर पहिल्याच वेळी हो म्हणा.