कान गेलेले दिसत नाहीत

बायांनो, आज कोर्टात मला एका बाईचा लय हेवा वाटला.

तोफखान्याच्या नोकरीत ह्यांचे कान गेले. त्या अपंग पेन्शनच्या केसची तारीख होती. दवाखान्याचा रिपोर्ट आला नव्हता, म्हणून आमच्या वकिलांनी कागद दाखल करायला मुदत मागितली.

नाव पुकारलं, तशी मी घरच्या सवयीनं ह्यांना कोपर मारलं. हे ताडकन उठून सावधानमध्ये उभे!

"ऐकू येतंय की यांना," सरकारी वकील हसले.

मुदत मिळाली, पण मी जळतच बाहेर आले. बाकड्यावर जतची एक बाई बसलेली, शेजारी एक पाय गेलेला तिचा फौजी नवरा. हिला काही सिद्ध करावं लागत नसंल, असं मनात आलं.

तेवढ्यात तीच म्हणाली, "ताई, तुमचं बरं हाय. मालक जोडीनं चालत आले."

सांगा, आता कुणी कुणावर जळायचं?