गुरुवारी येणारी मैत्रीण

माझी आई शेवटची चार वर्षं अंथरुणाला खिळून होती. अर्धांगवायूने तिची डावी बाजू गेली होती. मुलुंडच्या दोन खोल्यांत आम्ही दोघीच. मी शाळेच्या ऑफिसात नोकरीला, म्हणून दिवसा एक बाई ठेवली होती. पण आईला नीट अंघोळ घालणं, पाठीवर झालेल्या जखमा धुणं तिच्याने होत नसे. ते माझी मैत्रीण करायची. ती घाटकोपरला एका नर्सिंग होममध्ये नर्स होती. गुरुवारी तिची सुट्टी असायची आणि ती सुट्टी ती आमच्या घरी घालवायची. मी शाळेतून अर्ध्या दिवसाने येऊन तिच्या हाताखाली उभी राहायची.

आमची ओळख चर्चच्या गायनमंडळातली, दोघी बाविशीत होतो तेव्हाची. रविवारी संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवायचो. ती छान शिकवायची. मैत्रीचा धडा मात्र माझ्याकडे असायचा. चार मित्रांनी छप्पर उघडून आपल्या लुळ्या मित्राला येशूसमोर खाली सोडलं, ती गोष्ट. मी फळ्यावर चित्र काढायची, मुलं वहीत उतरवून घ्यायची. एवढ्यावर मला वाटायचं, मैत्री म्हणजे काय हे मला कळलेलं आहे.

तिचा नवरा चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. हळू बोलणारा, म्हाताऱ्या माणसांना हात धरून पायऱ्या उतरवणारा. सगळ्यांना तो आवडायचा, मलाही.

एका गुरुवारी आईला कुशीवर वळवताना मैत्रिणीची बाही वर सरकली. दंडावर बोटांचे निळे वळ होते. मी विचारलं तर म्हणाली, "दार लागलं." मग आईची पाठ पुसता पुसता, वर न बघता म्हणाली, "दार नाही गं. तो मारतो. लग्न झाल्यापासून."

मी आईला कुशीवर धरून ठेवलं. तीच पुढे म्हणाली, "कधी वेळ आलीच तर सांगशील ना, तू बघितलंस म्हणून?"

"सांगेन ना," मी म्हटलं.

वर्षभराने तिने घर सोडलं आणि साकीनाक्याला दुसऱ्या एका नर्सबरोबर खोली घेतली. नवऱ्याने चर्चच्या पाळकसाहेबांना सांगितलं की नोकरीने तिचं डोकं फिरलंय. बाकीचं लोकांनी जोडलं. मग एका रविवारी उपासनेनंतर चर्च कमिटीची बैठक बसली. महिला मंडळाची सेक्रेटरी म्हणून मलाही बोलावलं होतं. चहा आला होता. तिचा नवरा माझ्या समोरच्या खुर्चीवर बसून कपावर फुंकर घालत होता.

पाळकसाहेब म्हणाले, "तुम्ही तिच्या जवळच्या. घरात मारहाण व्हायची असं तिचं म्हणणं आहे. तुमच्या बघण्यात काही आलं का?"

मी नवऱ्याकडे बघितलं. मग कमिटीतल्या माणसांकडे. मी अविवाहित, सख्खं नात्याचं कोणी जवळ नाही. आई गेली तर खांदा द्यायला हीच माणसं येणार होती. हे सगळं मी तेव्हा ठरवून मनात आणलं असं नाही, पण ते होतंच.

"मला काही ठाऊक नाही," मी म्हटलं.

येशूला ओळखत नाही म्हणणाऱ्या पेत्राला निदान तीनदा विचारलं होतं. मला एकदाच पुरलं.

तिला संडे स्कूलमधून काढलं. मी काय बोलले ते तिच्यापर्यंत पोचलं असणार, हे मला माहीत होतं. पुढच्या गुरुवारी ती येणार नाही असं धरून मी पूर्ण दिवसाची रजा टाकली. दहा वाजता ती आली. चपला काढल्या, हात धुतले, पाणी तापत ठेवलं. आईशी नेहमीसारखं बोलली, "मावशी, आज केस धुवायचे हं." आईची अंघोळ झाली, चादर बदलली. मी ओला टॉवेल धरून तशीच उभी होते.

"मी बोलायला हवं होतं," मी म्हटलं.

"हो. बोलायला हवं होतंस."

"मग तू कशाला आलीस?"

ती आईच्या केसांतला गुंता सोडवत होती. हात न थांबवता म्हणाली, "तू सोडलंस म्हणून मी पण सोडू का? मावशीने काय केलंय? आणि तू माझी मैत्रीण आहेस ना. तू बोलली नाहीस त्याचा मला राग आहेच. खूप आहे. पण म्हणून तू माझी कोणी नाहीस असं कसं होईल?"

माफ केलं असं ती म्हणाली नाही. मी वाट बघत राहिले. ती मला रागावून गेली असती तर मला सोपं झालं असतं. ती येत राहिली, वर्षभर, आणि तिला दार उघडताना दर वेळी माझी मान खाली जायची. आपण लायक नसताना कोणी आपल्यावर प्रेम करतं, हे मी गाण्यांतून हजारदा गायलं होतं. ते इतकं जड असतं हे मला माहीत नव्हतं.

आई गेली तेव्हा तिनेच आईला शेवटची अंघोळ घालून पांढरं पातळ नेसवलं. चर्चमध्ये ती सगळ्यात मागच्या बाकावर बसली. कोणी तिच्याशी बोललं नाही. कबरस्तानातून ती परस्पर निघून गेली.

त्यानंतर मी पाळकसाहेबांच्या घरी गेले आणि वळांचं सांगितलं. ती काय म्हणाली होती तेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "बाई, आता सगळं निवळलंय. तोही बिचारा एकटा पडलाय. कशाला पुन्हा उकरायचं?" पुढच्या रविवारी ऑर्गनवर तोच होता. मी सेक्रेटरीपद सोडलं. कारण कोणी विचारलं नाही.

तिला फोन करून सांगितलं. "बरं केलंस," ती म्हणाली. आणि मग, "उशीर केलास."

त्या चर्चमध्ये ती परत आली नाही. पुढे पेशंट उचलून उचलून तिचा मणका गेला, तिची नोकरी सुटली. आता मी साकीनाक्याला जाते, तिचा स्वयंपाक करते, कपडे वाळत घालते. पूर्वीसारख्या गप्पा होत नाहीत. खाली वर्कशॉपमध्ये पत्रा कापायचा आवाज चालू असतो, आम्ही तो ऐकत बसतो.

परवा जेवायला बसलो तेव्हा तिने डोळे मिटून प्रार्थना केली. अन्नासाठी, माझ्या दुखऱ्या गुडघ्यांसाठी, आणि मग नाव घेऊन नवऱ्यासाठी. त्याला एकटेपण सोसवू दे, म्हणाली. मला आमेन म्हणता आलं नाही. ती थोडी थांबली, मग तिचं तिनेच म्हटलं, आणि भाताचं पातेलं माझ्याकडे सरकवलं.