पॅनेलच्या दारावरचं कुंकू

आज खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा झाली. ओल्या कुंकवाचा वास नाकात गेला आणि उत्तमराव आठवले.

उत्तमराव टेंभुर्णीचे, बियाण्याच्या पॅकिंग मशीनवर वर्षानुवर्षं काम करणारे. मी मेंटेनन्सचा इंजिनिअर. त्या मशीनची मोटर चालवणारा सर्वो ड्राइव्ह मीच निवडला होता. लोडच्या मानानं तो लहान होता, हे मला ठाऊक होतं. पण स्वस्त म्हणून शेठ खूश झाले आणि मी गप्प बसलो. त्या वर्षी खंडेनवमीच्या पूजेच्या दुसऱ्याच दिवशी तो जळला. तो करपट वास अजून घशात आहे.

ड्राइव्ह ज्या विजेच्या पॅनेलमध्ये होता, त्याच्या दारावर उत्तमरावांनी पूजेत लावलेली कुंकवाची बोटं होती. ती बघून शेठनी मला विचारलं, "कुंकू आत गेलं काय?"

"गेलं असंल," मी म्हणालो.

"साहेब, म्या दार उघडलंच न्हाई," उत्तमराव म्हणाले. "तुम्ही बराबर बघा की."

मी बघितलं होतं. आत कुंकवाचा कणही नव्हता.

उत्तमरावांना त्याच दिवशी काढलं. नवा ड्राइव्ह मी गुपचूप एक माप मोठा मागवला. तो आजही बिनतक्रार चालतो, आणि शेठ दरवर्षी कुंकवाची वाटी माझ्याच हातात देतात. म्हणतात, "साहेबांच्या हाताला यश आहे."